ड्रॅगनला ना हरकत

कल्पनारम्य कादंबरीचे सामुदायिक वाचन मुख्यतः सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या क्लबहाउसात चालते. वेळ शनिवारी संध्याकाळी पाच ते सात. सातनंतर त्याच हॉलमध्ये झुंबा असतो, त्यामुळे नायक कड्याला एका हाताने लोंबकळत असला तरी त्याला पुढच्या शनिवारपर्यंत तसेच राहावे लागते. मंडळाला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार असतात. वाचक असतातच असे नाही.

सभासद बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि मंडळाचा आरंभ ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ने होतो. ही पुस्तके सर्वांनी कॉलेजात असताना वाचलेली असल्यामुळे पुन्हा वाचावी लागत नाहीत आणि चर्चा निर्वेध रंगते. बापाचे म्हातारपण मुलगा अंगावर घेतो, एखादे मूल कवचकुंडलांसह जन्माला येते, यात कोणाला काही अद्भुत वाटत नाही. ती घरातलीच माणसे. पुढे कधीतरी आठवीतला नातू सुट्टीला येतो, आजोबांच्या हातातले पुस्तक चाळून ‘यात ड्रॅगन नाही?’ असे विचारतो, आणि पुढच्या बैठकीत आजोबा ‘मंडळाने काळाबरोबर पावले टाकावीत’ असा ठराव मांडतात. अनुमोदन देणाऱ्या सभासदाला ठराव झुंबाबद्दल आहे असे वाटलेले असते.

पुस्तक निवडणे हा यातला हातघाईचा टप्पा. या प्रकारचे लेखक एका पुस्तकात आटोपत नाहीत. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका १९९० साली सुरू झाली आणि २०१३ साली चौदाव्या खंडाला संपली. मधल्या काळात, २००७ साली, लेखकच वारले आणि उरलेले काम ब्रँडन सँडरसन यांनी तडीस नेले. चिटणिसांनी ही माहिती वाचून दाखवली की हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

‘लिहिणाऱ्याचं असं झालं,’ एखादे काका घसा खाकरून म्हणतात, ‘मग वाचणाऱ्यांचं काय घेऊन बसलात!’

चौदा खंड बारगळतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा आणि सहावा अजून यायचा आहे. हे ऐकून, ज्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली आहे ते सभासद एकदम सावध होतात. ‘आधी पझेशनची तारीख लेखी द्या म्हणावं.’ ‘मधल्या काळातलं भाडं तरी देतात का?’ भाडे देत नाहीत असे कळल्यावर मार्टिनही मागे पडतात. सी. एस. लुइस यांच्या सात नार्नियाकथा १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाल्या, पण कथेच्या कालक्रमाने जी पहिली, ती छापून आली सहावी. ती आधी वाचायची की सहाव्या क्रमाने, यावर दोन तट पडतात. मराठी माणसांची दोन मंडळे व्हायला एवढे कारण भरपूर झाले. उर्सुला ले ग्विन यांचे १९६८ चे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ खरे तर या सगळ्यांत आटोपशीर आणि सुरेख, निवडावे तर तेच. पण ते पाहताक्षणीच नापास होते. ‘एवढंसं? लवकर संपलं तर पुढच्या शनिवारी काय करायचं?’

अशा रीतीने सगळी मंडळे अखेर टॉल्कीनपाशी येऊन टेकतात. ‘द हॉबिट’ हे १९३७ चे पुस्तक एका खंडात संपते आणि त्याच्या छपाईमागची हकिगत मंडळाला धीर देणारी असते. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले आणि अभिप्रायाबद्दल एक शिलिंग मोजले. अभिप्राय चांगला होता म्हणून पुस्तक निघाले. ‘दहा वर्षांच्या पोराला कळलं ते आपल्याला कळणारच,’ असा निष्कर्ष निघतो आणि निवड एकमताने मंजूर होते. पोराला पेन्शन, मृत्युपत्र आणि सोन्याचा भाव यांतले काही कळत नव्हते आणि त्यामुळेच त्याचे वाचन सुरळीत पार पडले, ही बाजू त्या वेळी कोणी मांडत नाही.

प्रती जमवताना एक ग्रंथालयातून येते, एक जावई अमेरिकेतून आणतो, एक टॅबमध्ये असते आणि टॅबचे चार्जर मुलीकडे राहिलेले असते. पाने जुळत नाहीत. अध्यक्ष ‘पान ऐंशी’ म्हणाले की एकाकडे राक्षस दगड होत असतात, दुसऱ्याकडे अजून चहा चाललेला असतो आणि तिसऱ्याकडे नकाशा येतो.

प्रत्यक्ष वाचन सुरू झाल्यावर या वाचकाचा खरा स्वभाव दिसू लागतो. अद्भुताबद्दल त्याची काडीमात्र तक्रार नसते. जादूगार, बुटके, बोलणारे गरुड, घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठी हे सगळे बिनविरोध मंजूर होते. पहिली हरकत येते ती नायक बिल्बो बॅगिन्स या हॉबिटच्या घरी न कळवता तेरा बुटके चहाला येतात तिथे.

‘तेरा माणसं? आणि आधी फोन नाही?’

‘तेव्हा फोन नव्हते, वहिनी.’

‘निरोप तरी?’

बुटके केक, चीज, कोंबडी, लोणचे असे घरात असेल ते फस्त करतात आणि मग गाणे म्हणत सगळी भांडी धुऊन ठेवतात. इथे वाचन थांबते. इतका वेळ मुकाट ऐकणाऱ्या सभासद भगिनी एकमेकींकडे पाहतात. तेरा पुरुष, पाहुणे म्हणून आलेले, जेवून उठले आणि कोणी न सांगता भांडी घासली? ‘छे! लेखकानं कल्पनाशक्तीला काही धरबंध ठेवायला हवा होता.’ टॉल्कीन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले होते. उभे केलेले जग आपल्या आतल्या नियमांशी इमान राखून असले की वाचक तिथे असेपर्यंत त्यावर विश्वास ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा विश्वास मोरीपाशी तुटेल अशी शंका त्यांना आलेली दिसत नाही.

यापुढचा अडथळा म्हणजे करारपत्र. बुटके बिल्बोला लेखी कळवतात की नफा झालाच तर जास्तीत जास्त चौदावा हिस्सा मिळेल, प्रवासखर्च मिळेल, आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्चही केला जाईल. प्रत्येक मंडळात एक निवृत्त बँक अधिकारी असतोच. तो इथे खुर्ची पुढे ओढतो. चौदावा हिस्सा ढोबळ नफ्याचा की निव्वळ? घोड्यांचा घसारा धरला आहे का? हिस्सा जागेवर मिळणार की घरपोच? ड्रॅगन अजून दहा प्रकरणे लांब असतो आणि मंडळ एक आख्खी संध्याकाळ प्रवासभत्त्यावर घालवते. अंत्यविधीच्या कलमाला मात्र मोकळेपणाने दाद मिळते. ‘बघा, एवढं लिहून देतात म्हणजे माणसं सचोटीची.’

यथावकाश ड्रॅगन येतो. त्याचे नाव स्मॉग आणि तो सोन्याच्या ढिगावर झोपलेला असतो. इंग्रजी टीकाकार यात लोभाचे दर्शन घेतात. मराठी वाचनमंडळात आज्या उघडपणे ड्रॅगनच्या बाजूने उभ्या राहतात. सोने आहे, ते मोडलेले नाही, गहाण टाकलेले नाही, रोज नजरेखाली आहे, यात त्याचे चुकले कुठे? बिल्बो त्या ढिगातून एक पेला पळवतो आणि जागा झालेल्या ड्रॅगनला तो गेल्याचे तत्काळ कळते. एवढ्या संपत्तीत एक पेला कसा कळेल, अशी शंका एखादा तरुण सभासद, म्हणजे पंचावन्नच्या आसपासचा, काढतो.

‘न कळायला काय झालं?’ आजी ठणकावतात. ‘माझी खीर दिलेली वाटी तिसऱ्या मजल्यावर गेली ती परत आली नाही. नवरात्र होतं. मला नाही का कळत?’

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच रांगेत बसलेल्या असतात. पुढची दहा मिनिटे वाटीवर नाव घातलेले होते की नव्हते यावर जातात. ड्रॅगनने भांड्यांवर नाव घालून घेतले असते तर पुढचे युद्ध टळले असते, असा मुद्दा इतिवृत्तात नोंदवला जातो.

निवृत्तांना हे पुस्तक आपलेसे होते ते शेवटच्या प्रकरणात. वर्षभराची मोहीम संपवून बिल्बो घरी परततो तेव्हा तो मेला असे गृहीत धरून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. आपण जिवंत आहोत हे मान्य करून घ्यायला त्याला पुढे बराच काळ लागतो आणि स्वतःच्या खुर्च्या-टेबले स्वतःच विकत घ्यावी लागतात. इथपर्यंत डुलक्या घेणारे सभासद ताठ बसतात. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देणाऱ्या माणसाला यात कल्पनारम्य असे काही सापडत नाही. ‘माझा अंगठाच उमटत नव्हता मशीनवर,’ एकजण सांगतो. ‘मुलगी म्हणाली, बाबा समोर उभे आहेत. तर म्हणाला, ते मला दिसतंय, सिस्टिमला दिसत नाही.’ त्या संध्याकाळी बिल्बोला जी सहानुभूती मिळते ती त्याला ऑक्सफर्डमध्येही मिळाली नसेल.

मंडळातल्या एका सभासदाचा इथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ हे त्याचे वाक्य असते आणि दर बैठकीला ते एकदा होतेच. अदृश्य करणारी अंगठी, उडते वाहन, बोलणारा पक्षी, काहीही आले तरी चालते. गंमत अशी की तो बरोबर असतो, पण त्याला वाटते त्याहून बऱ्याच वेगळ्या कारणाने. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याची कथा सोमदेवाने अकराव्या शतकात, काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त दिली आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली, तीही शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य रानात बसला, एकेक पान पशुपक्ष्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेले पान अग्नीत टाकू लागला. जनावरे चरणे विसरून ऐकत राहिली, इतकी की मुदपाकखान्यात येणारे मांस कोरडे पडू लागले आणि राजा आजारी झाला. वैद्यांनी कारण शोधले, शिकाऱ्यांनी रान दाखवले, राजा धावला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरले लाखभर.

हे पैठणचे रान म्हणजे अद्भुतकथेच्या सामूहिक वाचनाचा जुना आणि पूर्णपणे यशस्वी झालेला नमुना मानला पाहिजे. उपस्थिती शंभर टक्के होती. मध्ये चहा नव्हता. एकाही हरणाने ‘मला इथे थोडं वेगळं मांडायचंय’ असे म्हटले नाही. मंडळात ही गोष्ट सांगितली की त्या सभासदाला फार समाधान होते, कारण त्याने ‘कथासरित्सागर’ वाचलेला नसतो. त्याचे वाचन ‘चांदोबा’पाशी थांबलेले असते. हे मासिक मराठीत १९५२ साली सुरू झाले आणि त्यातल्या विक्रम-वेताळावर इथल्या तीन पिढ्या वाढल्या. सोमदेवाकडे वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचेही राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानातच. पण पैठणचे नाव दुसऱ्यांदा निघाले की चर्चा पैठणीच्या भावाकडे वळते आणि ती तिथून परत आल्याचे उदाहरण नाही. एवढे मात्र खरे की हेच सभासद आठव्या वर्षी प्रेत बोलते हे ऐकून घेत होते आणि राजाला रात्री स्मशानात जायला घरून परवानगी कशी मिळाली, असे कोणी विचारत नव्हते.

‘हॉबिट’ पचला की ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हाती घेतले जाते. लेखकाच्या मनात ते एकच पुस्तक होते, पण युद्धानंतर कागद महाग असल्याने १९५४ आणि १९५५ या वर्षांत ते तीन खंडांत निघाले. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी त्याचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केला आहे, त्यामुळे इंग्रजीची सबब इथे संपते. पहिल्याच प्रकरणात बिल्बोचा एकशे अकरावा वाढदिवस आणि एकशे चव्वेचाळीस पानांचे जेवण येते, आणि केटररचा दर काय असावा यावर दोन मते पडतात. त्यानंतर बिल्बोचे फ्रोडोच्या नावे केलेले मृत्युपत्र येते. हॉबिटांच्या कायद्याप्रमाणे त्यावर सात साक्षीदारांच्या लाल शाईतल्या सह्या लागतात. मंडळातले वकीलकाका भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ उघडून दाखवतात की आपल्याकडे दोन साक्षीदार पुरतात. आपले सरकार कुठेतरी जादुई प्रदेशापेक्षा सुटसुटीत निघाल्याचा हा एकमेव प्रसंग असल्यामुळे टाळ्या पडतात. बॅग एन्डच्या घरावर डोळा ठेवून असलेली लोबेलिया सॅकव्हिल-बॅगिन्स हिची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येकाला ती आपल्याच घराण्यातली वाटते, फक्त नाव वेगळे. बिल्बो जाताना तिला मुद्दाम चांदीचे चमचे ठेवून जातो, यातला टोला समीक्षकांना समजावून सांगावा लागतो. वाचनमंडळाला तो चमचा हा शब्द पुरा व्हायच्या आत समजतो.

सर्वांत गाढ आकलन होते ते एल्रॉन्डच्या सभेचे. हे प्रकरण लांबलचक आहे. नामांकित मंडळी एकेक करून पूर्वपीठिका सांगतात, अंगठी नष्ट केलीच पाहिजे यावर सर्वांचे एकमत होते, आणि मग ती नेणार कोण या प्रश्नावर सगळे माना खाली घालून बसतात. इतर वाचक इथे कंटाळतात. गृहनिर्माण संस्थेतला वाचक श्वास रोखतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत सचिवपदासाठी नावे मागवल्यावरचे दृश्य त्याने इतक्या अचूकपणे छापलेले पूर्वी कुठे पाहिलेले नसते.

‘हा टॉल्कीन कमिटीवर असणार बघा कधीतरी.’

‘पण फ्रोडो का तयार झाला?’

‘नवीन राहायला आला असेल.’

‘आणि रस्ता माहीत नाही म्हणतो!’

‘मागच्या सचिवाला तरी कुठे माहीत होता?’

मागचे सचिव पाणी प्यायला उठतात.

पुढच्या प्रवासाची सूत्रे एसटीतून निवृत्त झालेल्या वाहतूक नियंत्रकाकडे जातात. ते पुस्तकातला नकाशा मोठा करून आणतात आणि टप्पे पाडतात. फ्रोडो घरून २३ सप्टेंबरला निघतो, रिव्हेन्डेलहून पुढे २५ डिसेंबरला निघतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबर संपत येईपर्यंत गाडी डेपोत उभी. ‘कारण काय दाखवलंय?’ एल्फ लोकांची लेंबास नावाची पोळी एकच खाल्ली तरी माणूस दिवसभर चालू शकतो, या माहितीवर दशमी, गूळपोळी आणि राजगिऱ्याचा लाडू यांच्यात तुलनात्मक चर्चा होते आणि पुढच्या शनिवारी तिन्ही पदार्थ प्रत्यक्ष येतात. त्या दिवशीची उपस्थिती वर्षातली सर्वोच्च असते. एवढे गरुड हाताशी असताना अंगठी विमानाने का पाठवली नाही, हा जगभरच्या वाचकांचा लाडका प्रश्नही निघतो. नियंत्रक त्यावर पडदा टाकतात. ‘बिगर हंगामात थेट गाडी सोडत नाहीत.’

टॉल्कीन यांना असल्या श्रोत्यांची सवय होती. ऑक्सफर्डमध्ये ‘इंकलिंग्ज’ नावाचा मित्रांचा गट मॉडलिन कॉलेजात लुइस यांच्या खोल्यांवर गुरुवारी रात्री जमे, आणि मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या मद्यगृहात. गुरुवारी नवे लेखन वाचून दाखवले जाई. त्यातले एक सदस्य ह्यूगो डायसन यांना एल्फ लोकांचा इतका कंटाळा होता की कोचावर आडवे होऊन ते छापण्याजोगा नसलेला उद्गार काढत, अशी आठवण सांगितली जाते. अखेर ते आले की टॉल्कीन यांचे वाचन बंद ठेवावे लागे. आपल्याकडे कोच नसतात आणि झुंबाची मंडळी दाराशी उभी असतात, म्हणून एवढे टोक गाठले जात नाही.

दुसऱ्या खंडापासून वाचकसंख्या घटते, सभासदसंख्या मात्र कायम राहते. हा चमत्कार २००१ ते २००३ या काळात आलेल्या पीटर जॅक्सन यांच्या तीन चित्रपटांमुळे शक्य होतो. चित्रपट पाहून आलेला सभासद ‘लेखकाने दृश्यात्मकता छान साधली आहे’ असे बोलतो. त्याला पकडायचे असेल तर टॉम बॉम्बाडिलबद्दल विचारावे. हे पात्र पुस्तकात तीन प्रकरणे गाजवते आणि चित्रपटात अजिबात नाही. या वर्गात समाजातली पुष्कळ प्रतिष्ठित माणसे मोडतात, अशा मंडळांवर लेख लिहिणारेही. मोहिमेवरून परतल्यावर आपल्या शायरमध्ये भलत्यांनीच ताबा घेतलेला आढळतो, हे शेवटाकडचे प्रकरणही चित्रपटाने गाळले. वाचनमंडळ ते कधीच गाळत नाही. नातवंडे सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीला जाऊन आलेल्या प्रत्येक सभासदाला आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी दिसलेली असते, आणि हॉबिटांनी शिंग फुंकून गाव जागे केले हे वाचून निदान दोघेजण शिंग कुठे मिळते याची चौकशी करतात.

समारोपाच्या बैठकीत खजिनदार हिशेब मांडतात. त्यांनी तिन्ही खंडांतले एकही वाक्य वाचलेले नसते, पण परिशिष्टातला सनावळीचा तक्ता काळजीपूर्वक तपासलेला असतो. अंगठी ज्वालामुखीत पडते ती २५ मार्चला. याचा अर्थ मोहीम ३१ मार्चच्या आत आटोपली, खर्च एकाच आर्थिक वर्षात बसला आणि येणे-देणे पुढे ओढावे लागले नाही. संपूर्ण कादंबरीत नियोजनाचा एवढा एकच पुरावा आहे, असे ते सांगतात, आणि लाडवांचे पैसे कोणी दिलेले नाहीत याकडे सभेचे लक्ष वेधतात.